शिखरजीची वाट आणि वहीतले येणे

मधुबनात पहाटे तीनच्या सुमारास काठ्यांचा आवाज सुरू होतो. धर्मशाळांच्या अंगणांतून अनवाणी यात्रेकरू बाहेर पडतात आणि हातातील बांबूची काठी फरशीवर टेकवत अंधारातच डोंगराची वाट धरतात. पौषातील गारठा बोटांना झोंबत असतो. समोरचा पारसनाथ डोंगर धुक्यात इतका बुडालेला असतो की तो आहे याची खूण केवळ वर चढत गेलेल्या विजेऱ्यांच्या ओळीवरून पटावी.

सुमारे १३६५ मीटर उंचीचे हे शिखर झारखंडातील सर्वांत उंच. गिरिडीह जिल्ह्यातील या डोंगरावरून चोवीसपैकी वीस तीर्थंकर मोक्षाला गेले, अशी जैनांची श्रद्धा आहे; म्हणून सम्मेद शिखर दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना सारखेच पूज्य. याच डोंगराला संथाळ समाज मरांग बुरू म्हणून भजतो. नऊ किलोमीटरचा चढ, वरती टोंकांच्या दर्शनाची नऊ किलोमीटरची फेरी आणि नऊ किलोमीटरचा उतार, अशी सत्तावीस किलोमीटरांची वंदना घडली की यात्रेकरूला आयुष्यातील एक मोठे ऋण फिटल्यासारखे वाटते.

सांगलीतील एका हळद-व्यापारी घराण्यातील ब्याऐंशी वर्षांच्या आजींचे हे ऋण कित्येक वर्षे राहिले होते. कधी पेढीचा हंगाम आडवा आला, कधी घरातील लग्न, कधी गुडघे. गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांनी स्वतःच तिथी ठरवली आणि घराने मान डोलावली. आजी, त्यांचे चिरंजीव अण्णा, आक्का, सून आणि बारा वर्षांचा नातू अशी पाच माणसे निघाली. नव्या हळदीची आवक तोंडावर आल्यामुळे थोरला मुलगा पेढीवर थांबला. आगगाडीचे दोन दिवस आजींना झेपणार नाहीत, म्हणून पुण्याहून रांचीपर्यंत विमान आणि तेथून मोटार असे ठरले. तिघा वडीलधाऱ्यांची तिकिटे गावातील एजंटाने काढली. नातवाच्या शाळेची सुट्टी उशिरा नक्की झाल्याने सुनेने आपली व मुलाची तिकिटे नंतर स्वतःच्या मोबाइलवरून काढली. या किरकोळ वाटणाऱ्या फरकाला पुढे बरेच महत्त्व येणार होते.

जाण्याच्या दिवशी अकराच्या विमानासाठी मंडळी साडेआठलाच लोहगावच्या विमानतळावर हजर होती. सामान देऊन झाले, तपासणी झाली, आणि मग फलकावरील वेळ सरकू लागली. अकराचे साडेबारा झाले, साडेबाराचे दोन झाले. उत्तरेत दाट धुके होते. जे विमान पुण्यास येऊन पुढे रांचीला जायचे, तेच सकाळपासून उत्तरेत अडकून पडले होते. शेवटी सव्वाचारची वेळ लागली.

आजींचा चौविहार होता. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. कंदमूळ तर घरात कधी शिजलेच नव्हते. त्यांच्यासाठी पहाटे उठून केलेल्या दुधातल्या दशम्या आणि मुगाचे लाडू मोठ्या बॅगेत नीट बांधलेले होते, आणि ती बॅग विमानाच्या पोटात जाण्यासाठी कधीच दिली गेली होती. उपाहारगृहांत पाहावे तर बटाटा आणि कांदा यांच्यावाचून पदार्थ नाही. अण्णा गप्प बसून राहिले. सून मात्र एक वाजता विमान कंपनीच्या काउंटरपाशी गेली.

तिने वाद घातला नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०१० साली प्रवाशांच्या सोयींविषयी काढलेला आणि पुढे वेळोवेळी सुधारलेला जो नियम आहे, तो तिने प्रवासाआधी वाचून ठेवला होता. देशांतर्गत उड्डाण अडीच तासांपर्यंतचे असेल आणि त्यास दोन तास वा त्याहून अधिक उशीर होणार असेल, तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशाला खाणेपिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची, त्याहून लांब उड्डाणाला चार तासांची. उशीर धुक्यामुळे झाला काय किंवा अन्य कारणाने, प्रवाशाला उपाशी ठेवता येत नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात हाच भेद स्पष्ट केला होता: धुक्यामुळे झालेला विलंब हा कंपनीचा दोष धरता येणार नाही, पण त्या विलंबात प्रवाशांची किमान सोय पाहणे हे तिचे कर्तव्यच आहे, तिकीट स्वस्त असले तरीही.

काउंटरवरील तरुणाने खाण्याचे कूपन पुढे केले. त्यावर मिळणार होते बटाट्याचे सँडविच आणि चहा. सुनेने आजींकडे बोट दाखवून अडचण सांगितली. नियमात ‘जैन आहार’ असा शब्द कुठे नाही, हे तिलाही ठाऊक होते. पण तो तरुण उठला, कूपनाच्या बदल्यात कुठून तरी चार केळी, दुधाचा पेला आणि गरम पाणी घेऊन आला, आणि खुर्चीवर बसलेल्या आजींसमोर ते ठेवताना जरा वाकला. आजींनी त्याला आशीर्वाद दिला. तीन वाजता त्यांचे जेवण झाले.

विमान सव्वाचारला सुटले. पावणेसहाच्या सुमारास खिडकीतील उजेड तांबूस होऊन विझला. सांगलीत त्या वेळी सूर्य अजून क्षितिजाच्या वर असता. पण विमान पूर्वेकडे धावत होते आणि दिवस लवकर संपत होता. नातवाने घड्याळ दाखवून म्हटले, “आजी, आपल्याकडे अजून सूर्य मावळला नाही. तू पाणी पिऊ शकतेस.” आजींनी खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाल्या, “आपण जिथं आहोत, तिथला सूर्य धरायचा, बाळा.” आणि पाण्याची बाटली त्यांनी त्याच्याकडे सरकवली.

रांचीहून रामगढ, हजारीबाग, बगोदर, डुमरी असा मोटारीचा पल्ला संपवून मंडळी मधुबनात पोहोचली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. त्याच पहाटे वंदना करायचा बेत होता, दोलीही ठरली होती. तो बेत एक दिवस पुढे गेला. दोलीवाल्यांचा एक दिवस बुडाला, म्हणून अण्णांनी त्यांना त्या दिवसाचे पैसे वेगळे दिले. कोणी मागितले नव्हते. “त्यांनी आपल्यासाठी दुसरं गिऱ्हाईक सोडलं,” एवढेच ते म्हणाले.

वंदना मात्र उत्तम झाली. दाट सालवनातून चढणारी वाट, गंधर्व नाल्याचे आणि सीता नाल्याचे पाणी, पहिल्या उजेडात एकामागून एक उमटत जाणाऱ्या टोंकांच्या पांढऱ्या छत्र्या, आणि सर्वांत शेवटी स्वर्णभद्र कूटावर पार्श्वनाथांचे चरण. आजी तेथे बराच वेळ हात जोडून बसल्या. वर वारा इतका होता की नातवाने त्यांच्या शालीचे टोक धरून ठेवले होते. उतरताना त्यांनी दोलीवाल्यांना दोनदा थांबवले आणि मागे वळून डोंगर पाहिला. पुन्हा येणे होणार नाही, हे त्या जाणून होत्या.

परतीचे विमान दुपारी अडीचचे होते. मंडळी सकाळी साडेसहालाच मधुबनाहून निघाली. आता आजींच्या दशम्यांचा डबा सुनेच्या हातातील पिशवीत होता. रांचीच्या विमानतळावर पोहोचताच कळले की विमान रद्द झाले आहे. आकाश निरभ्र होते, इतर विमाने ये-जा करीत होती. फलकावर कारण एवढेच होते: परिचालनविषयक अडचण. सुनेने मोबाइल पाहिला. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, मोटार घाटात असताना, संदेश येऊन पडला होता. तिघा वडीलधाऱ्यांच्या तिकिटांचा संदेश कुठेच नव्हता. सांगलीला फोन लावल्यावर उलगडा झाला. एजंटाने तिकीट काढताना प्रवाशाच्या जागी स्वतःचाच क्रमांक दिला होता. आदल्या रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्याच्या फोनवर संदेश आला होता, आणि तो झोपला होता.

कंपनीने तिसऱ्या दिवशी दिल्लीमार्गे जाणारे विमान देऊ केले, तेही रात्रभर दिल्लीच्या विमानतळावर काढून. आजींना ते झेपणारे नव्हते. सुनेने ते नाकारले, तिकिटांचे पैसे परत मागितले, आणि विमान रद्द झाल्याचे कारण लेखी द्यावे अशी विनंती केली. थोड्या टाळाटाळीनंतर एक छापील कागद मिळाला. सुदैवाने हटियाहून पुण्याकडे जाणारी गाडी दुसऱ्या रात्री होती आणि तत्काळमध्ये पाच जागा शिल्लक होत्या. मंडळी त्या रात्रीपुरती शहरातील धर्मशाळेत उतरली.

त्याच धर्मशाळेत मुंबईचे एक हिरे-व्यापारी सहकुटुंब थांबले होते. तेही त्याच विमानाचे प्रवासी. संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकल्यावर, अंगणात गोष्टी निघाल्या. त्यांचे चिरंजीव अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यापारात. त्या शहरात हिऱ्यांचा व्यवहार करणाऱ्या भारतीय घराण्यांत जैनांची संख्या मोठी, आणि जवळच्या विलरेक या उपनगरात त्यांनी बांधलेले संगमरवरी जिनमंदिरही आहे. गेल्या वर्षी चिरंजीवांचे ब्रुसेल्सहून मुंबईकडे येणारे विमान यांत्रिक बिघाडामुळे पाच तास उशिरा पोहोचले, आणि त्याबद्दल त्यांना ६०० युरो मिळाले.

“उशिराचे पैसे?” अण्णांना नवल वाटले.

गृहस्थांनी समजावून सांगितले. युरोपीय संघाचा २००४ साली संमत झालेला आणि २००५ पासून लागू असलेला एक नियम आहे. युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला, अगदी भारतीय कंपनीच्याही, तो लागू होतो. भारतातून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय संघातील असेल तरच. अंतर १५०० किलोमीटरपर्यंत असेल तर २५० युरो, साधारणपणे ३५०० पर्यंत ४०० आणि त्याहून लांबच्या प्रवासाला ६०० युरो. विमान ऐनवेळी रद्द झाले तर ही भरपाई नियमातच आहे. मुक्कामी पोहोचायला तीन तास वा अधिक उशीर झाला तरी ती मिळावी, असे तेथील न्यायालयाने २००९ साली ठरवले. वादळ, धुके अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे वगळली आहेत. पण नेहमीच्या देखभालीतून उद्भवणारा यांत्रिक बिघाड हा त्यांत धरला जात नाही, असा निवाडा २००८ सालचा.

“आपल्याकडे तसं नाही,” सून म्हणाली. “आपल्या नियमात नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. उशिरात खाणेपिणे. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसऱ्या विमानाचा किंवा पूर्ण पैसे परत घेण्याचा पर्याय. चोवीस तासांवर गेला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला, तर हॉटेलची सोय. रोख रक्कम मिळते ती विमान रद्द झाल्यावर, किंवा तिकीट पक्के असून, वेळेत पोहोचूनही चढू दिले नाही तर.”

ही दुसरी स्थिती व्यापारी मंडळींच्या वाट्याला पुष्कळदा येते, कारण काही कंपन्या जागांपेक्षा अधिक तिकिटे विकतात. तशा वेळी मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत दिले तर एकेरी मूळ भाडे आणि इंधन आकार यांच्या दुप्पट रक्कम, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिरा दिले तर चौपट, कमाल २०,०००. आणि प्रवाशाने दुसरे विमान नाकारले तर तिकिटाचे पूर्ण पैसे, शिवाय चौपटीच्या हिशेबाने २०,००० पर्यंत भरपाई.

“मग आमचं काय?” मुंबईच्या गृहस्थांनी विचारले.

रद्द झालेल्या विमानाचा हिशेब असा होता. कंपनीने दोन आठवडे आधी, निदान चोवीस तास आधी तरी कळवले पाहिजे आणि प्रवाशाला मान्य होईल असे दुसरे विमान किंवा पैसे परत दिले पाहिजेत. तसे कळवले नाही, तर परताव्याखेरीज भरपाई. उड्डाण एका तासापर्यंतचे असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांचे असेल तर ७,५००, दोन तासांहून अधिक असेल तर १०,०००; किंवा एकेरी मूळ भाडे आणि इंधन आकार यांची बेरीज; दोहोंत जी रक्कम कमी असेल ती. रांची ते पुणे उड्डाण दोन तासांहून थोडे अधिक. प्रत्येक तिकीट ७,२०० रुपयांचे, त्यात मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून ५,८००. म्हणजे परतावा पूर्ण ७,२०० चा, आणि भरपाई माणशी ५,८००. पाच जणांचे २९,००० रुपये.

अण्णांनी हात हलवला. “जाऊ दे. शिखरजीची यात्रा झाली, आईचं मन भरलं. तीर्थाला येऊन हिशेब कसले करायचे? झालं ते आपल्या कर्माचं.”

सून जरा थांबली. सासऱ्यांसमोर बोलण्याची तिची रीत सौम्य होती, पण वाणिज्य शाखेतून शिकून पेढीच्या वह्या सांभाळायला लागून तिला बारा वर्षे झाली होती. “अण्णा, आपल्या पेढीवरून गेलेल्या पोत्यात दोन किलो हळद कमी भरली आणि गिऱ्हाईक परत आलं, तर आपण त्याला ‘तुझ्या कर्माचं’ म्हणतो का?”

अण्णा काही बोलले नाहीत.

“आपण तूट भरून देतो. त्यानं मागितली नाही तरी देतो. कारण माल आपण मोजून विकलेला असतो. यांनीही जागा मोजूनच विकली होती.”

शेजारी बसलेला एक तरुण सहप्रवासी मध्येच म्हणाला, “मागायचंच तर भरपूर मागा. आजींना त्रास झाला म्हणून दवाखान्याचं बिल जोडा. हॉटेलचं बिल पण मिळतं करून. एवढं तर सगळेच करतात.”

आता मात्र अण्णा ताठ बसले. “नाही. जो खर्च झाला नाही तो वहीत चढत नाही. आई ठणठणीत आहेत आणि आपण धर्मशाळेत आहोत.” मग ते सुनेकडे वळले. “आणि येतानाच्या धुक्याचंही काही लिहू नकोस. ते त्यांच्या हातात नव्हतं. शिवाय त्या पोरानं केळी आणून दिली होती.”

“लिहीत नाही,” सून म्हणाली. “त्याचं येणं निघतच नाही.”

आजी आतापर्यंत जपमाळ ओढीत ऐकत होत्या. “येणं असेल तर मागा,” त्या म्हणाल्या. “पण काउंटरवरच्या मुलांवर आवाज चढवू नका. विमान काही त्यांनी थांबवलं नाही. कागदावर मागा.”

सांगलीत परतल्यावर सुनेने कागदावरच मागितले. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवलेले तिचे पत्र एका पानाचे होते. विमानाचा क्रमांक आणि तारीख, पाचही प्रवाशांचे तिकीट क्रमांक, संदेश मिळाल्याची वेळ आणि उड्डाणाची वेळ, देऊ केलेले दुसरे विमान आणि ते न घेण्याचे कारण, तिकिटातील मूळ भाड्याचा व इंधन आकाराचा तपशील, मागणीची रक्कम आणि बँक खात्याचा क्रमांक. सोबत तिकिटांच्या प्रती, संदेशांची छायाचित्रे आणि विमानतळावर मिळालेला तो छापील कागद. विशेषण एकही नव्हते.

परतावा आला, भरपाईचे मात्र उत्तर आले. सून आणि नातू यांच्यासाठी रोख रकमेऐवजी पुढील प्रवासाचे व्हाउचर देऊ केले होते. उरलेल्या तिघांची मागणी फेटाळली होती, कारण त्यांच्या तिकिटांवर प्रवाशाचा संपर्क क्रमांक नव्हता. नियमात हा अपवाद खरोखरच आहे: प्रवाशाने तिकीट काढताना पुरेसा संपर्क तपशील दिला नसेल तर भरपाई देय नाही. तीन माणसांचे १७,४०० रुपये एका क्रमांकावर अडकले होते.

एजंट घरी येऊन गेला. वर्षानुवर्षांचा माणूस, अपराधी चेहऱ्याने उभा होता. “अण्णा, सवयीनं माझाच नंबर टाकतो. सगळ्यांचाच टाकतो. रक्कम माझ्याकडून घ्या.” अण्णांनी ती घेतली नाही. “पैसे नकोत,” ते म्हणाले. “पण रात्रीचा तो संदेश जसाच्या तसा, वेळेसकट पाठवून दे. आणि यापुढं ज्याचं तिकीट त्याचा नंबर.”

तो संदेशच उपयोगी पडला. सुनेने पुन्हा लिहिले: तिघांच्या तिकिटांवर दिलेल्या क्रमांकावर कंपनीचा संदेश पोहोचला आहे, म्हणजे संपर्काचा मार्ग होता आणि कंपनीने तो वापरलाही. मुद्दा संदेश कोणाला मिळाला हा नसून केव्हा पाठवला हा आहे. तो उड्डाणाच्या पंधरा तासांहूनही कमी वेळ आधी निघाला. ज्या क्षणी तो निघाला, त्या क्षणी चोवीस तासांची मुदत टळून गेलेली होती. एजंट जागा असता तरी ती परत आली नसती. आणि व्हाउचरविषयी: भरपाई रोखीने किंवा बँकेतून द्यायची असते, व्हाउचर प्रवाशाची संमती असेल तरच. ती संमती नाही.

दोन आठवडे उत्तर आले नाही. तेव्हा तिने नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या व्यवस्थेवर तक्रार नोंदवली. २०१६ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत तक्रार संबंधित कंपनीकडे जाते आणि तिचे काय झाले हे तक्रारदाराला पाहता येते. तेथेही काम झाले नसते तर पुढची पायरी तिने काढून ठेवली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि त्यानंतर सांगलीचाच जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथेच तक्रार करण्याची सोय दिली आहे. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असो की आणखी कुठे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील नेमलाच पाहिजे असे नाही, आणि मुदत दोन वर्षांची. परदेशी प्रवासात सामान उशिरा वा मोडून आले तर मुदत फारच आखूड असते, हेही तिने नणंदेसाठी लिहून ठेवले. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार, ज्यात भारत २००९ पासून आहे, सामान मोडले असेल तर मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिरा आले असेल तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार कंपनीकडे गेलीच पाहिजे.

आयोगापर्यंत जावे लागले नाही. एअरसेवावर नोंद झाल्यावर कंपनीकडून एक फोन आला, सभ्य आवाजात काही प्रश्न विचारले गेले, आणि फाल्गुनात एका सोमवारी पाचही जणांचे मिळून २९,००० रुपये खात्यात जमा झाले. मुंबईच्या गृहस्थांनाही, तोच नमुना वापरून लिहिलेल्या पत्रावर, त्यांचे पैसे मिळाल्याचे त्यांनी फोन करून कळवले.

त्या संध्याकाळी पेढीवर हळदीच्या पोत्यांची चढउतार चालू होती. हवेत पिवळी धूळ तरंगत होती. सुनेने संगणकावर नोंद करायला घेतली आणि अडखळली. “अण्णा, ही रक्कम कुठं टाकू? इतर उत्पन्नात?”

अण्णा गल्ल्यावरून उठून तिच्याजवळ आले. जुन्या माणसाप्रमाणे त्यांचा अजून कापडी बांधणीच्या लाल वहीवरच भरवसा होता, आणि घरखर्चाची वही ते स्वतः लिहीत. त्यांनी ती वही उघडली, यात्रेच्या पानावर आले. मोटारभाडे, धर्मशाळा, दोली, दोलीवाल्यांच्या बुडालेल्या दिवसाचे पैसे, आगगाडीची तिकिटे, असे सारे तेथे ओळीने लिहिलेले होते. त्याखाली त्यांनी तारीख घातली आणि सावकाश लिहिले: येणे वसूल, २९,०००.

“उत्पन्न नव्हे,” ते म्हणाले. “आपलंच होतं. उशिरा आलं.”

यंदा घरात श्रवणबेळगोळची बोलणी चालू आहेत. तो प्रवास मोटारीनेच होईल. पण नणंदेच्या मुलीचे मुंबईहून विमान आहे, आणि तिचे तिकीट त्याच एजंटाने काढले. तिकिटाच्या प्रतीवर त्याने स्वतःच्या हाताने, शाईने, एक गोल काढून पाठवला होता. त्या गोलात मुलीचा मोबाइल क्रमांक होता. आजींनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाल्या, “डबा हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा तिला.”